असरनंतरचं पाणी

घरातली झाडं कोण सांभाळतं, हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. दूध कोण आणतं, लाइटबिल कोण भरतं, मुलांना क्लासला कोण सोडतं हे ठरलेलं असतं. झाडांचं मात्र कुणीतरी एक जण न बोलता करत असतं आणि बाकीचे त्या हिरवळीखाली चहा पितात. आमच्याकडे ते माणूस म्हणजे अम्मी. सोलापूरचं घर सोडून ती पुण्याला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्याबरोबर दोन ट्रंका आणि अकरा कुंड्या आल्या. पुढच्या काही वर्षांत अकराच्या एकतीस झाल्या. कुंड्या म्हणायच्या एवढंच, त्यांतल्या निम्म्या म्हणजे रंगाचे डबे, तेलाचे कॅन आणि तळाला भोक पाडलेली जुनी घमेली.

२०२५ च्या जानेवारीत अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. धाकटी बहीण सोलापुरात असते. तिचं घर तळमजल्यावर, त्यामुळे ऑपरेशन तिकडेच करायचं आणि बकरी ईदपर्यंत अम्मीने तिथेच राहायचं असं ठरलं. म्हणजे जवळजवळ पाच महिने. थंडीचा शेवट, रमजान, पूर्ण उन्हाळा आणि पावसाची सुरुवात एवढं सगळं या पाच महिन्यांत येणार होतं. निघताना अम्मीने औषधांची पिशवी तपासली, तसबी घेतली आणि गॅलरीकडे बघून एवढंच म्हणाली, "सब्जे का खयाल रखना."

तो सब्जा साधा नव्हता. अब्बांच्या कबरीवर लावलेल्या सब्ज्याच्या बियांतून तो आला होता. आपल्याकडे कबरीवर सब्जा लावण्याची पद्धत अनेक गावांत आहे, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण सब्जा हे वर्षा-दोन वर्षांचं झाड. ते वाळतं, बी धरतं आणि त्या बीतून पुन्हा उगवतं. अम्मी दरवर्षी गॅलरीतल्या कुंडीत सब्जा वाढवते, त्याचं बी कागदाच्या पुडीत ठेवते आणि पावसाळ्यात सोलापूरला गेली की कबरीवर टाकते. कबरीवरचं बी कुंडीत आणि कुंडीतलं बी कबरीवर, असा तो फेरा २०१९ पासून चालू आहे. तो एका वर्षी तुटला तर पुन्हा बाजारातून बी आणता येईल. पण ते फालुद्याचं बी असेल, अब्बांचं नसेल.

माझं काम आयटीतलं नाही, पण कॉम्प्युटरसमोरच दिवस जातो. ऑफिसमधली पत्रं लिहायला चॅटबॉट वापरायची सवय झाली होती. मुलगी म्हणाली, "अब्बू, याला विचारा ना, टाइमटेबल बनवून देईल." म्हणून एका रविवारी आम्ही दोघं कुंड्यांची यादी करायला बसलो. मोगरा, गुलाब, मेंदी, पुदिना, कढीपत्ता, कोरफड, ओव्याचं पान, रातराणी, मनीप्लांट, स्नेक प्लांट, सब्जा. अनेकांच्या दोन-दोन, तीन-तीन कुंड्या. काहींची नावं आम्हाला माहीत नव्हती, त्यांचे फोटो काढले.

यादी टाकल्यावर अर्ध्या मिनिटात तक्ता आला. झाडाचं नाव, ऊन किती, पाणी कधी, खत कधी, छाटणी कधी. तो तक्ता बघून खरोखर बरं वाटलं. नुसतं टाइमटेबल नव्हतं, कारणंही होती. घरातली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, मग सडतात. आणि सडलेल्या मुळांचं झाड वरून अगदी तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. म्हणून माणूस अजून पाणी घालतो. हे मला कुणी असं नीट समजावलं नव्हतं. स्नेक प्लांट आणि कोरफड पानांतच पाणी साठवतात, त्यांना माती पूर्ण कोरडी झाल्याशिवाय हात लावू नका. पुदिन्याला मात्र माती ओलसर लागते. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. हे सगळं बरोबर होतं.

पण तक्ता दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की हा तक्ता कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातल्या घरासाठी बनवला आहे. त्यात लिहिलं होतं की हिवाळ्यात झाडं झोपतात, तेव्हा पाणी निम्मं करा. खत वसंतात सुरू करा. झाडं हीटरपासून लांब ठेवा. आणि जास्त ऊन लागणारी झाडं दक्षिणेच्या खिडकीत ठेवा.

लंडनमध्ये किंवा शिकागोत हे अगदी योग्य आहे. तिथे हिवाळ्यात दिवस लहान, ऊन मंद, म्हणून झाडाची वाढ थांबते. आपल्याकडे झाडांचं वर्ष असं चालत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, ऊन लख्ख असतं, कुंडी दोन दिवसांत सुकते. पाणी हात आखडून द्यायचा आपला मोसम पावसाळा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं, हवा दमट आणि माती आठवडाभर ओली. आपली सडलेली झाडं बहुतेक या दिवसांतली असतात. त्या तक्त्यात पावसाळा हा शब्दच नव्हता.

दक्षिणेच्या खिडकीचंही तसंच. उत्तरेकडच्या देशांत सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, म्हणून तिथे दक्षिणेची खिडकी म्हणजे उन्हाची खिडकी. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. तिथून जुलैच्या अखेरीस पुन्हा शून्य सावलीचा दिवस येईपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे या दोन-अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन येत नाही, उत्तरेच्या खिडकीत येतं. आमची गॅलरी दक्षिणेची आहे. अम्मी मे महिन्यात गुलाबाची कुंडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत का नेऊन ठेवते, हे मला या तक्त्यामुळे कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं की तिला गॅलरी झाडायला जागा हवी असते.

मी चॅटबॉटला हे सगळं सांगितलं. शहर पुणे, तिसरा मजला, दक्षिणेची गॅलरी, वर पत्रा, तीन ऋतू. त्याने लगेच तक्ता बदलला आणि नवा तक्ता पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला होता. मोगऱ्याची छाटणी थंडीत करायची, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतात, हेही त्याने बरोबर सांगितलं. यातून मला एक गोष्ट समजली. हे यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जे जास्त वाचायला मिळालं, तेच ते आधी सांगत होतं. घरातल्या झाडांबद्दल इंग्रजीत थंड मुलखातल्या लोकांनी ढिगाने लिहिलंय. कोंढव्याच्या गॅलरीबद्दल कुणी लिहिलंय? आपल्या बायाबापड्यांना हे ज्ञान होतं, पण ते कागदावर उतरलं नाही. मग यंत्रात ते येणार कुठून?

नावांचा घोळ तर गमतीचा होता. सब्जा म्हटल्यावर त्याने मला फालुदा कसा करायचा ते सांगितलं. मी म्हटलं, बी नाही, झाड. मग त्याने सांगितलं की ही तुळशीच्याच कुळातली वनस्पती, इंग्रजीत बेझिल. हे खरंच आहे. शेजारच्या काकूंच्या वृंदावनातली तुळस आणि आमच्या कुंडीतला सब्जा दोघांचं शास्त्रीय घराणं एकच, ऑसिमम. सूरह रहमानमध्ये सुगंधी रोपासाठी रैहान हा शब्द आलाय आणि अरबीत आजही या झाडाला रैहान म्हणतात. हे कळल्यावर मुलगी खूश झाली, तिने काकूंना जाऊन सांगितलं आणि काकूंनी तिला तुळशीच्या मंजिऱ्या दिल्या, "लाव तुझ्या सब्ज्याच्या बाजूला."

पण पुढे यंत्राने जो सल्ला दिला तिथे मी थांबलो. त्याने लिहिलं होतं: फुलांचे तुरे दिसू लागले की लगेच खुडा. फुलं आली की झाड पानांकडे लक्ष देत नाही, पानांची चव उतरते, झाड लवकर म्हातारं होतं. खुडत राहिलात तर झाड दाट होईल आणि जास्त दिवस टिकेल.

बागकामाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. पानं खायला सब्जा लावणारा माणूस असंच करेल. मी रात्री अम्मीला फोनवर विचारलं. पलीकडून दोन सेकंद आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "फुलां नक्को तोडो. बियां कां से लाते फिर?"

यंत्राने झाड नीट ओळखलं होतं, ते कशासाठी लावलंय हे त्याला माहीत नव्हतं. त्याने गृहीत धरलं की झाड दाट दिसावं आणि खूप टिकावं असंच सगळ्यांना वाटतं. आम्हाला ते झाड वेळेवर म्हातारं व्हायला हवं होतं. त्याने बी धरावं, वाळावं आणि पुडीत यावं. मी तसं लिहिलं तेव्हा त्याने विनातक्रार दुसरी रीत दिली. तुरे तपकिरी होईपर्यंत थांबा, पाणी हळूहळू कमी करा, तुरा कागदाच्या पिशवीत उलटा वाळवा, हातावर चोळून बी मोकळं करा. उपयोगी उत्तर होतं. पण हेतू आपणच सांगावा लागतो. आपल्याला तो माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला आधी विचारावं लागतं.

त्यानंतर रोज रात्री अम्मीला फोन करून यंत्राचे प्रश्न विचारायचे असा क्रमच पडला. कारण यंत्र उत्तरं द्यायच्या आधी बरेच प्रश्न विचारायचं. माती कुठली? खत काय घालता? पाणी किती वाजता? हे प्रश्न मी माझ्या आईला उभ्या आयुष्यात विचारले नव्हते. गुडघ्याच्या दुखण्याबद्दल विचारलं की ती "अल्हम्दुलिल्लाह, ठीक है" म्हणून विषय संपवायची. मातीबद्दल विचारलं की पाऊण तास बोलायची. बहीण म्हणाली, व्यायाम करताना कुरकुरते, पण तुझा फोन आला की पाय हलवत बोलत बसते.

पाणी किती वाजता, या प्रश्नाचं तिचं उत्तर होतं, असरनंतर. चॅटबॉटचं म्हणणं होतं सकाळी सात. दोघांची कारणं मी तपासून बघितली. सकाळच्या पाण्याचा फायदा असा की पानांवर उडालेलं पाणी दिवसा वाळून जातं, बुरशी लागत नाही. संध्याकाळच्या पाण्याचा फायदा असा की उन्हाळ्यात ते वाफ होऊन उडत नाही, मुळांना रात्रभर मिळतं. अम्मी पानांवर पाणी मारत नाही, बुडाशी घालते, त्यामुळे बुरशीचा प्रश्न उन्हाळ्यात तरी येत नाही. आणि पावसाळ्यात ती पाणी घालतच नाही म्हटलं तरी चालेल.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते "असरनंतर" या शब्दाने. असरची वेळ घड्याळाने ठरत नाही, सावलीने ठरते. दुपारची सावली जेवढी असते ती सोडून, वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफई मसलकात असर सुरू होते. कोकणातले आपले लोक तसं मानतात. आम्ही घाटावरचे हनफी, आमच्याकडे दुप्पट सावली धरतात. त्यामुळे पुण्यात आमची असर डिसेंबरात साडेचारच्या सुमारास येते आणि जूनमध्ये सव्वापाचच्या आसपास. घड्याळात पाऊण तासाचा फरक, पण सूर्याची उंची जवळपास तीच. दोन्ही वेळी तो क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर आलेला असतो. ऊन उतरलेलं असतं, पण उजेड असतो. म्हणजे "रोज पाच वाजता पाणी" या नियमापेक्षा "असरनंतर पाणी" हा नियम जास्त बारकाईचा आहे. ऋतू बदलला की तो आपोआप सरकतो. अम्मीला हे अंश-बिंश माहीत नाहीत, तिला अजान माहीत आहे. मी चॅटबॉटला पुण्याच्या असरप्रमाणे तक्ता करायला सांगितलं आणि घड्याळाच्या वेळा काढून टाकल्या.

मार्चमध्ये रमजान आला. रमजानात असरनंतर स्वयंपाकघरात इफ्तारीची घाई असते, फळं कापणं, भजी तळणं, शेजारी ताटं पोचवणं. तिथे झाडांकडे कोण बघणार? अम्मीने सांगितलं, रमजानात फजरनंतर पाणी घाल. सेहरी करून माणूस जागा असतोच. गंमत अशी की आपलं हिजरी वर्ष चंद्राचं, ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो, साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. झाडांचं वर्ष मात्र सूर्याचं. अम्मी आयुष्यभर ही दोन कॅलेंडरं एकमेकांवर बसवत आली आहे. उन्हाळ्यातला रमजान, पावसातला रमजान, प्रत्येक वेळी पाण्याचा हिशोब वेगळा. कुणी तिला तक्ता दिला नव्हता.

आता यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे, कारण काही बाबतीत ते अम्मीपेक्षा बरोबर होतं. आमच्याकडे मटण-मासळी धुतलेलं पाणी गुलाबाला घालतात. अनेक घरांत घालतात, त्यात झाडाला लागणारं नत्र असतं. अंगणात ते चालतं, माती मोठी असते, सगळं जिरवून घेते. तिसऱ्या मजल्यावरच्या दहा इंची कुंडीत ते कुजतं, वास येतो, माश्या होतात. खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती ती यामुळेच असावी. चॅटबॉटने त्याऐवजी महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड सुचवली. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करके देख." तिच्या तोंडून ही पुष्कळ मोठी परवानगी आहे. वजूचं पाणी ती टबात धरून कुंड्यांना घालते, त्याबद्दल विचारलं तर यंत्र म्हणालं, साबण नसेल तर बिनधास्त घाला. तिथे दोघांचं एकमत झालं.

एप्रिलमध्ये मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. फोटो टाकला. यंत्राने चार शक्यता दिल्या: पाणी जास्त, पाणी कमी, लोहाची कमतरता, कीड. चारही शक्यता खऱ्या असू शकतात, पण चारही उपाय एकदम करता येत नाहीत. अम्मीने फोनवर एकच विचारलं, मुंग्या चढतायत का? मी जाऊन बघितलं, खोडावर मुंग्यांची रांग होती. रांगेच्या मागे गेलो तर कोवळ्या फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके. पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, गोड चिकट द्रव सोडतो आणि त्या गोडासाठी मुंग्या त्याची राखण करतात. अम्मीने रोग ओळखला, औषधाचं प्रमाण यंत्राने दिलं. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, तेल पाण्यात मिसळावं म्हणून लिक्विड साबणाचे काही थेंब, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा, दर आठ दिवसांनी पुन्हा. तीन फवारण्यांत ठिपके गेले. मेमध्ये मोगरा फुलला, वाटीभर फुलं मिळायची. मुलगी रोज फोटो काढून दादीला पाठवायची.

आणि मग मेमध्येच तो सुधारलेला तक्ताही कोलमडला. त्यात लिहिलं होतं, मे महिना, रोज पाणी. पण २०२५ चा मे आठवा. वळवाचा पाऊस थांबेना आणि मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, एरवी त्याची तारीख ११ जून असते. पुण्यातही तेव्हाच. तक्ता भिंतीवर आणि माती चिंब. आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि बोटाने माती बघत राहिलो. सब्ज्याचे तुरे वाळत आले होते, त्यांना हा ओलावा अजिबात चालला नसता. ती कुंडी आम्ही घरात घेतली, पंख्याखाली ठेवली आणि तुरे कापून वर्तमानपत्राच्या पिशवीत वाळवले. चोळल्यावर चमचाभर काळं बी निघालं.

एकदा मी यंत्राला विचारलं होतं की घरात झाडं ठेवून होतं काय. त्याने हवा शुद्ध होते असं सांगितलं. ही गोष्ट १९८९ च्या नासाच्या अभ्यासावरून पसरली, पण तो प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. म्हणजे खिडकी उघडणं जास्त स्वस्त. हे मी अम्मीला सांगितलं. ती हसली आणि विचारलं, हवेसाठी कुणी लावली होती?

बकरी ईद झाल्यावर अम्मीला आणायला मी सोलापूरला गेलो. पुडी खिशात होती. वॉकर घेऊन तिला कब्रस्तानात आत जाता येईना, म्हणून ती फाटकाशी रिक्षात बसली आणि बी मी टाकलं. किती खोल, किती अंतरावर, हे मी यंत्राला विचारलं नाही. अम्मी रिक्षातून हाताने खुणा करत होती, अजून पसरून, अजून पसरून.

तुमच्या घरात अशी एखादी कुंडी असेल, तर तक्ता जरूर करून घ्या, त्याने काम सोपं होतं. पण त्याआधी ते झाड कुठून आलं आणि कशासाठी ठेवलंय, हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवा. आमची वही सुरू झाली आहे. एकतीसपैकी एकोणीस कुंड्यांचं लिहून झालंय. रातराणी कुणाकडून आली यावर अम्मी आणि खाला यांचं अजून एकमत नाही, ते झालं की विसावी कुंडी.